फसवे भाऊबंद

आमच्या पुतण्याची कन्या रसायनशास्त्राच्या अभ्यासासाठीं जर्मनींत राहते. गेल्या आषाढांत तिनें तेथील प्रयोगशाळेंतल्या एका कपाटाचें छायाचित्र घरीं पाठविलें. कपाटाच्या दारावर ठळक अक्षरांत 'गिफ्ट' असें लिहिलेलें होतें, आणि खालीं तिचा एवढाच मजकूर होता : "आजोबा, हें कपाट मीं उघडावें कीं नाहीं ?" घरांतील मंडळींस वाटलें, पोरीला कांहीं बक्षीस मिळालें, आमच्या वहिनींनीं तर देवापुढें साखर ठेवली. जर्मन भाषेंत 'गिफ्ट' म्हणजे विष, हें आम्हांस पुस्तकांवरून ठाऊक होतें, म्हणून त्या दिवशीं आमची अब्रू राहिली. पुढें त्याच पोरीच्या दुसऱ्या एका प्रश्नानें ती गेली. पण तें यथाक्रम सांगूं.

इंग्रजी, जर्मन, डच आणि उत्तरेकडील डॅनिश, स्वीडिश, नॉर्वेजियन व आइसलँडिक या साऱ्या भाषा एका घरच्या. त्यांच्या मूळ मायेला विद्वान् लोक आदि-जर्मानिक म्हणतात. तिचे ग्रंथ नाहींत. लेकींच्या तोंडवळ्यांवरून आईचा चेहरा जुळवावा, तशी ती पंडितांनीं जुळविली आहे. लेकींपैकीं जिचें विस्तृत लेखन सर्वांत जुनें मिळतें, ती गॉथिक भाषा. तींत वुल्फिला नांवाच्या बिशपानें चौथ्या शतकांत बायबलाचें भाषांतर केलें. ती आतां लोपली. हें सर्व कूळ आपल्या संस्कृताशीं दूरच्या नात्यानें बांधलेलें असावें, ही कल्पना सर विल्यम जोन्स यांनीं १७८६ सालीं कलकत्त्यास आपल्या व्याख्यानांत मांडली, आणि पुढील शंभर वर्षांत तिचें शास्त्र बनलें.

भावंडांच्या भाषा म्हटल्या म्हणजे शिकणाऱ्याची पहिली समजूत अशी होते कीं, सारखा दिसणारा शब्द सारख्याच अर्थाचा असणार. लांबलचक शब्दांच्या बाबतींत ती पुष्कळदां खपून जाते. घात करतात ते दोन-तीन अक्षरांचे शब्द. एक तर ते रोजच्या वापरांतले, त्यामुळें झिजून झिजून गुळगुळीत झालेले; आणि दुसरें, अक्षरेंच थोडीं असल्यामुळें दोन अगदीं निराळे शब्द झिजत झिजत एकाच रूपाला येऊन पोंचण्याचा संभव फार. इंग्रजी व फ्रेंच भाषांतील अशा शब्दांना दोन फ्रेंच लेखकांनीं १९२८ सालीं 'खोटे मित्र' असें नांव दिलें. जर्मानिक भाषांपुरते आम्ही त्यांना भाऊबंद म्हणतों. कारण त्यांतील कित्येक खरोखरच सख्खे असून वांकडे वागतात, आणि कित्येक सख्खे दिसून मुळींच नात्याचे नसतात. हा प्रकार आपल्याकडे नाहीं असें नाहीं. उत्तर हिंदुस्थानांत 'शिक्षामंत्री' हा शब्द प्रथम ऐकून मराठी मुलाला जें वाटतें, तेंच जर्मनीच्या प्रवाशाला तेथील औषधविक्याकडे होत असेल.

प्रथम 'गिफ्ट'च घेऊं. याचा धातु 'देणें' या अर्थाचा. इंग्रजींतील 'गिव्ह' आणि जर्मनांतील 'गेबन' हे त्याचेच. गिफ्ट म्हणजे मुळांत 'देणें' ही क्रिया, किंवा 'दिलेलें' तें. मग दानाचें विष कसें झालें ? ग्रीक भाषेंत औषधाच्या मात्रेला 'दोसिस' म्हणत. हा शब्द आपल्या 'दा' धातूचा सख्खा भाऊ, आणि इंग्रजी 'डोस' हा त्याचाच वंशज. वैद्यानें रोग्याला जें द्यावयाचें तें 'दोसिस'. जर्मन लोकांनीं त्याचें आपल्या भाषेंत भाषांतर 'गिफ्ट' असें केलें. परंतु मात्रा जशी जीव वांचविणारी असते तशी जीव घेणारीहि असते, आणि विषाचें नांव उघड घेण्याला माणूस सर्वत्रच कचरतो. आपल्याकडेहि घरांतील म्हातारीं माणसें "त्याला कोणीतरी कांहीं दिलें असावें" असें हळूच म्हणतात. विषाचा उच्चार करीत नाहींत, पण ऐकणाऱ्याला उमजतें. तीच लाज, तीच भीति जर्मन शब्दांत कायमची मुरली. होतां होतां त्या भाषेंत 'गिफ्ट'चा चांगला अर्थ पार बुडाला, आणि भेटवस्तूला त्यांना निराळा शब्द शोधावा लागला.

एका जोडशब्दांत मात्र जुना अर्थ जिवंत राहिला आहे. तो शब्द 'मिटगिफ्ट'. 'मिट' म्हणजे सोबत, आणि 'मिटगिफ्ट' म्हणजे मुलीसोबत दिलेलें, अर्थात् हुंडा! ज्या प्रथेला आपल्या देशांत १९६१ सालच्या कायद्यानें मनाई होऊनहि ती निरनिराळ्या नांवांनीं चालूच आहे, तिच्या जर्मन नांवांत आजच्या जर्मन माणसाला विषाचा शब्द ऐकूं यावा, हा योगायोग आम्हांस उगीच वाटत नाहीं.

स्वीडिश व डॅनिश भाषांत तर मौज याहून अधिक आहे. तेथें 'गिफ्ट' म्हणजे विष, आणि 'गिफ्ट' म्हणजे विवाहित ! त्या देशांतील विनोदी लोकांनीं या योगावर किती कोट्या केल्या असतील, त्याची गणती वाचकांनींच करावी. वास्तविक दुसऱ्या अर्थाचें मूळ अगदीं सरळ आहे. विवाहांत मुलगी 'दिली' जाते. आपण अजूनहि "थोरली कोठें दिली ?" "ती सांगलीला दिली" असेंच बोलतों, संस्कृतांतहि 'प्रत्ता' म्हणजे दिलेली, ती विवाहित कन्या. प्राचीन इंग्रजींतील 'गिफ्ट'चा अर्थसुद्धां वधूसाठीं दिलेलें मूल्य असाच होता, व अनेकवचनीं त्याचा अर्थ विवाह होई. त्याचा उच्चार तेव्हां 'यिफ्ट' असा होता. आजचा 'ग' आणि आजचा व्यापक अर्थ इंग्रजांना उत्तरेकडून आलेल्या नॉर्स लोकांच्या बोलींतून मिळाला. डच भाषेनें मात्र शहाणपणानें दोन शब्द वेगळे केले : देणगी ती 'गिफ्ट' आणि विष तें 'गिफ'. एका 'ट'कारावर तेथें माणसाचा जीव आहे.

हा झाला सख्ख्या भावांचा वांकडेपणा. आतां प्रश्नार्थक सर्वनामें पाहूं; नवशिक्यांची सर्वांत मोठी फजिती येथेंच होते. इंग्रज 'हू' म्हणतो तेव्हां त्याला 'कोण' असें विचारावयाचें असतें. डच 'हू' म्हणतो तेव्हां त्याला 'कसें' असें विचारावयाचें असतें. डच माणसाचा 'वी' म्हणजे 'कोण', आणि त्याच्या शेजारच्या जर्मनाचा 'वी' म्हणजे 'कसें'. जर्मनाचा 'वेर' म्हणजे 'कोण', तर त्याच्याशीं कानाला जुळणारा इंग्रजांचा 'व्हेअर' म्हणजे 'कोठें'. आणि जर्मनाला 'कोठें' म्हणावयाचें तर तो 'वो' म्हणतो, जें लिहितांना इंग्रजी 'हू'पेक्षां एकाच अक्षरानें उणें असतें. तीन शेजाऱ्यांनीं एकमेकांचे अंगरखे अदलाबदल करून घालावे, तसा हा गोंधळ.

परंतु संस्कृत जाणणाऱ्याला यांत भिण्याचें कारण नाहीं. 'कः', 'किम्', 'क्व', 'कुत्र', 'कथम्' हीं रूपें डोळ्यांपुढें आणावीं. आपल्याकडे कोण, काय, कोठें, कसा, केव्हां, किती, सर्व प्रश्न 'क'नें सुरू होतात. लॅटिनांत त्याच जागीं 'क्व' आहे. जर्मानिक कुळांत मूळचा क हा ह झाला, म्हणून 'क्व'च्या जागीं 'ह्व' आला. गॉथिकांत 'कोण' तो 'ह्वस्'. पुढें या 'ह्व'चे दोन तुकडे झाले. कोणीं ह टाकला व व राखला; कोणीं व टाकला व ह राखला. जर्मनांनीं सरसकट ह टाकला. डचांनीं 'कोण'मध्यें व राखला व 'कसें'मध्यें ह राखला. इंग्रजांनीं कागदावर दोन्ही ठेवले, पण उच्चारांत 'हू'मधून व गेला आणि बहुतेकांच्या 'व्हेअर'मधून ह गेला. वडिलोपार्जित वाड्याची वांटणी होऊन एकाकडे ओसरी आणि दुसऱ्याकडे माजघर जावें, तसेंच हें झालें. पाया सर्वांचा एकच.

आतां नातें नसतांना सारखे दिसणाऱ्यांचें एक फार चांगलें उदाहरण देतों. जर्मन भाषेंत 'वस्' असा शब्द आहे. संस्कृतज्ञाला तो ऐकतांच आपला 'वस्' धातु, म्हणजे राहणें, आठवणार. इंग्रजींत तींच अक्षरें लिहितात व 'वॉझ' असें वाचतात; अर्थ 'होता'. यांतील आपल्या 'वस्' धातूचा वंशज कोणता ? ज्याचा उच्चार हुबेहूब जुळतो तो जर्मन शब्द नव्हे. तो मघांच्याच 'क्व'मधला, त्याचा अर्थ 'काय'. खरा वंशज इंग्रजी 'वॉझ' ! 'तेथें राहिला' याचें झिजून 'तेथें होता' झालें. इंग्रजांचें हें एक क्रियापद तीन धातूंच्या गोधडीनें शिवलेलें आहे : 'इज'मध्यें अस् आहे, 'बी'मध्यें भू आहे, आणि 'वॉझ'मध्यें वस्. आम्ही इंग्रजी शिकलों तेव्हां हीं रूपें छडीच्या धाकानें पाठ केलीं. अस्, भू, वस् असें कोणी एका वाक्यांत सांगितलें असतें, तर छडीची गरज पडली नसती.

त्याच क्रियापदाचें अनेकवचन 'वेअर', आणि जर्मनांत एकवचनहि 'वार'. स् गेला कोठें ? त्याचा र् झाला. अग्निः पुढें अत्र आला म्हणजे 'अग्निरत्र' होतो, हें ज्याला लहानपणीं शिकविलें आहे त्याला या रुत्वाचें आश्चर्य वाटूं नये. या एका रकारानें कसा घोटाळा होतो, तें 'एर' या दोन अक्षरांवरून कळेल. जर्मनांत 'एर' म्हणजे 'तो'. डॅनिश भाषेंत 'एर' म्हणजे 'आहे'. डच भाषेंत 'एर' म्हणजे 'तेथें'. पहिल्या दोहोंत शेवटचा र् मूळच्या स्-वर्गाचाच : जर्मन 'एर' हा लॅटिन 'इस्' या सर्वनामाचा भाऊ, आणि डॅनिश 'एर' हा आपल्या 'अस्ति'चा. डच 'एर' मात्र 'तेथें' या अर्थाच्या 'दार' शब्दाचें तोंडांतल्या तोंडांत उच्चारलेलें रूप. तिघांचें गोत्र वेगळें, वेष एक.

स्थलवाचक शब्दांत अर्थ कसे सरकतात तेंहि पाहण्याजोगें आहे. जर्मन 'त्साउन' म्हणजे कुंपण. डच 'टौन' म्हणजे बाग. इंग्रजी 'टाउन' म्हणजे शहर. तिन्ही शब्द एकच. जें कुंपणानें वेढलें तें, हा मूळ भाव. कोणीं कुंपणच धरलें, कोणीं आंतलीं झाडें, कोणीं आंतलीं घरें. आपल्या 'वाडी' शब्दाची हीच कथा नाहीं काय ? कोंकणांत नारळीपोफळींची ती वाडी, आणि दहा-वीस घरांची तीहि वाडीच. संस्कृत 'वाट' म्हणजे कुंपणाची जागा, त्याचा हा विस्तार.

समुद्र व सरोवर या शब्दांची डच-जर्मन उलटापालट तर प्रसिद्धच आहे. डचांत 'झे' म्हणजे समुद्र व 'मेर' म्हणजे सरोवर. जर्मनांत 'मेर' म्हणजे समुद्र, आणि 'झे' ? पुल्लिंगी असेल तर सरोवर, स्त्रीलिंगी असेल तर समुद्र ! (लिंगभेदानें अर्थभेद आपल्यालाहि नवा नाहीं, पण येथें लिंग चुकलें कीं माणूस बुडतो.) हॉलंडांत 'झौडरझे' नांवाची समुद्राची मोठी खाडी होती. १९३२ सालीं डचांनीं सुमारें ३२ किलोमीटर लांबीचा बांध घालून तिला समुद्रापासून तोडली. हळूहळू खारें पाणी गोडें झालें आणि नांवहि बदलून 'आइसलमेर' केलें. डच माणसाच्या दृष्टीनें समुद्राचें सरोवर झालें. नकाशा वाचणाऱ्या जर्मनाला मात्र सरोवराचा समुद्र झाल्यासारखा वाटावा.

गांवोगांवच्या 'राटहाउस'ला, म्हणजे नगरसभेच्या इमारतीला, इंग्रज प्रवासी उंदरांचें घर समजून हंसतात, तो प्रकार आम्ही विस्तारानें सांगत नाहीं. जर्मन 'राट' म्हणजे सल्ला किंवा सभा. इंग्रजींतहि हा शब्द एके काळीं होता. १०१६ सालीं वारलेल्या एथलरेड राजाच्या नांवाचा अर्थच 'थोर सल्ला', आणि लोकांनीं पुढें त्याला जी उपाधि जोडली तिचा अर्थ 'सल्ला नसलेला'. आजचे इंग्रज ती उपाधि 'तयारी नसलेला' अशा अर्थानें वाचतात. म्हणजे परक्या भाषेंतच नव्हे, स्वतःच्याच आजोबांच्या भाषेंत फसतात.

आतां आमच्या फजितीकडे वळतों. त्या मुलीनें श्रावणांत विचारलें, "आजोबा, इंग्रजी 'डे' आणि जर्मन 'टाग' एकच ना ? मग तो आपल्या 'दिन' शब्दावरून आला काय ?" आम्हीं तत्काळ उत्तर पाठविलें : होय, संस्कृत दिन, लॅटिन 'दिएस', इंग्रजी 'डे', सर्व एक. हें आम्ही तीस वर्षें वर्गांत फळ्यावर लिहून दाखवीत आलों होतों, आणि मुलें तें वहींत उतरून घेत होतीं. दुसऱ्या दिवशीं तिचा प्रतिप्रश्न आला : "पण आजोबा, 'दश'चें 'टेन' झालें, 'दन्त'चें 'टूथ', 'द्वि'चें 'टू'. तुम्हींच शिकविलें आहे. मग 'दिन'चें 'टे' कां नाहीं झालें ?"

आम्ही निरुत्तर झालों. याकोब ग्रिम यानें १८२२ सालीं मांडलेला नियम असा कीं, संस्कृतांतील शुद्ध द इंग्रजींत ट होतो. आणि तोच जर्मनांत बहुधा त्स होतो, म्हणून 'टेन'ला 'त्सेन', 'टू'ला 'त्स्वाय'. इंग्रजी ड जेथें असेल तेथें मूळ ध असला पाहिजे, जसें विधवा आणि 'विडो', मधु आणि 'मीड'. मग 'डे' हा दिनाचा कसा ? आम्हीं एक पळवाट काढून पाहिली. दुहितृ आणि 'डॉटर' यांचें नातें कोणी नाकारीत नाहीं, आणि तेथें तर द चा ड झालेला दिसतो ! पण ही पळवाटहि एका शाळामास्तरानेंच बुजविलेली निघाली. हेर्मान ग्रासमान हा श्टेटीन येथें शाळेंत शिकवी. गणितांत त्याचें नांव आहेच, शिवाय ऋग्वेदाचा कोशहि त्यानें रचला. १८६३ सालीं त्यानें दाखवून दिलें कीं, लागोपाठ दोन महाप्राण आले तर संस्कृतांत पहिल्याचा प्राण जातो. आपण 'भभूव' न म्हणतां 'बभूव' म्हणतों तें याच न्यायानें. 'दुहितृ'मधील द हा मूळचा ध. ग्रीक 'थुगातेर'मध्यें त्याची महाप्राणता अद्याप टिकून आहे. दिन, दिवस, द्यु यांत मात्र पुढें महाप्राण नाहीं, म्हणून त्यांचा द पहिल्यापासून द च. सारांश, 'डे' आणि 'दिन' यांचें नातें नाहीं. 'दिएस' आपला, 'डे' त्याचा कोणी नव्हे.

मग 'डे' कोणाचा ? अनेक कोशकार त्याला दह् धातूशीं जोडतात : जो तापतो, जाळतो, तो दिवस, 'निदाघ' म्हणजे उन्हाळा, हा त्याच धातूचा. हें नातें सर्वांनाच मान्य आहे असें नव्हे, परंतु नियमांत तें बसतें. कारण दह् मधील द सुद्धां मूळचा ध, आणि 'धक्ष्यति' या भविष्यकाळाच्या रूपांत तो आपण अजून उच्चारतों. हें रूप आम्हीं शेंकडों वेळां घोकून घेतलें होतें ! वहींतलें उत्तर वहींतच होतें, आणि आम्ही फळ्यावर दिन लिहीत होतों. याच जातीची दुसरी चूक म्हणजे जर्मन 'हाबन' आणि लॅटिन 'हाबेरे' हे एक मानणें. दोहोंचा अर्थ जवळ असणें, दोहोंचें रूप जुळतें, आणि तरी नातें नाहीं. लॅटिन क चा जर्मानिकांत ह होतो, तेव्हां 'हाबन'चा लॅटिन भाऊ 'कापेरे', म्हणजे पकडणें. सारखेपणाच इतका तंतोतंत दिसला तर तेथें संशय घ्यावा. शेंकडों वर्षें दूर राहिलेले भाऊ इतके जुळे कसे राहतील?

आम्हीं चूक कळविली. पोरीनें लगेच विचारलें, "मग इंग्रजी वारांत आपलें कांहींच नाहीं का ?" आहे, आणि नेमकें जेथें कोणी शोधणार नाहीं तेथें आहे. 'ट्यूझडे' घ्यावा. त्यांतील 'ट्यू' म्हणजे टीव, प्राचीन इंग्रजांचा युद्धदेव. रोमन लोकांच्या मंगळवाराचें भाषांतर करतांना मंगळाच्या जागीं त्यांनीं हा आपला देव बसविला. 'टीव'मधील ट हा नियमाप्रमाणें मूळ द, आणि तो शब्द अक्षरशः आपला 'देव'. म्हणजे ज्या अर्ध्याला आम्ही तीस वर्षें आपला म्हणत होतों तो परका, आणि ज्या अर्ध्याकडे कधीं पाहिलेंहि नाहीं तो आपला. आमच्या जुन्या विद्यार्थ्यांपैकीं कोणाच्या घरीं ती वही अद्याप असेल, तर 'दिन' व 'डे' यांमधली बरोबरीची खूण त्यांनीं खोडावी, आणि समासांत 'धक्ष्यति पाहा' असें लिहून ठेवावें.